पेटीची दुसरी चावी

चिठ्ठी मी काढली. पेटीतून, शुक्रवारी दुपारी, शाळा सुटल्यावर. हे आधीच लिहून टाकते, कारण मला माझी सवय माहीत आहे. मी गोष्ट लांबवते, आवारातल्या झाडांचं वर्णन करत बसते, आणि मुद्द्यापाशी आले की म्हणते, जाऊ दे, फार जुनं झालं ते. नवऱ्याला मी हे एकदा सांगितलं होतं, पण अर्धंच. त्या अर्ध्या गोष्टीत मी चांगली दिसते.

शाळा मांजलपूरच्याही पुढे होती. आता तिच्याभोवती सोसायट्या झाल्या आहेत. तेव्हा एरंडाची शेतं होती आणि त्यांच्या मधोमध एक जुनी बंगली. माध्यम गुजराती, पण शाळा नेहमीची नव्हे. सातवीपर्यंत परीक्षा नाही, गणवेश नाही, घंटा मुलांनीच द्यायची. मातीकामाची भट्टी, खताचा खड्डा, एक बकरी. आणि शिक्षा नाही. ज्यांनी ही शाळा काढली त्यांना सगळे मोटाबेन म्हणत. साठीच्या होत्या, आवाज इतका हळू की ऐकणाऱ्याला पुढे वाकावं लागे. 'शिक्षा' हा शब्द त्या शिक्षकांच्या खोलीतही उच्चारू देत नसत.

मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांची. घर बडोद्यातलं जुनं मराठी. आजोबा संस्थानच्या महसूल खात्यात, वडील कॉलेजात. बी.एड. करून एका नेहमीच्या शाळेत दोन वर्षं काढली होती आणि तिथल्या फूटपट्ट्यांना विटून इथे आले होते. या शाळेवर माझा खरंच विश्वास होता. हे मुद्दाम लिहिते, कारण विश्वास नसता तर मला कदाचित इतकं खोटं बोलावं लागलं नसतं. सरळ नोकरी सोडली असती.

शाळेच्या दोन पद्धती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

एक वहीची. प्रत्येक शिक्षकाकडे आठ मुलं असत, आम्ही त्यांचे 'साथी'. मुलानं मनात असेल ते वहीत लिहायचं आणि वही साथीच्या टेबलावर पालथी ठेवायची. साथीनं वाचून उत्तर लिहायचं, तेही पेन्सिलीनं. मोठ्यांचं म्हणणं पटलं नाही तर मुलाला ते खोडता आलं पाहिजे, म्हणून पेन्सिल. वहीतलं वहीबाहेर जाणार नाही, हा शब्द आम्ही प्रत्येक मुलाला पहिल्या दिवशी देत असू.

दुसरी पेटीची. व्हरांड्यात एक लाकडी पेटी होती, वर फट, पुढे पितळी कुलूप. तक्रार कुणाचीही असो, मुलाची, शिक्षकाची, खुद्द मोटाबेनची, ती चिठ्ठीवर लिहून फटीतून आत टाकायची. शनिवारी अख्खी शाळा अंगणात गोल बसे. त्याला आम्ही वर्तुळ म्हणत असू. पेटीची चावी दर महिन्याला एका मुलाच्या गळ्यात, जाड दोऱ्यात ओवलेली. ते मूल पेटी उघडी, एकेक चिठ्ठी मोठ्यानं वाची, आणि काय करायचं ते वर्तुळ ठरवी. 'भेंडीच्या रोपांवर कोणीतरी नाचलं.' 'बकरीनं माझी चप्पल खाल्ली, तिलाही वर्तुळात बसवा.' बकरीला खरोखर बसवलं होतं. तिनं तिथे बसल्या बसल्या ती तक्रारीची चिठ्ठी खाल्ली आणि मोटाबेनसुद्धा हसल्या होत्या.

मुलांना सांगितलेलं होतं: चावी एकच, आणि ती तुमच्याकडे.

दुसरी चावी शिक्षकांच्या खोलीत, खडूंच्या डब्याच्या तळाशी असायची. एखाद्या मुलानं चावी हरवली तर, एवढ्यासाठीच. एरवी तिला हात लावायचा नाही, असं आम्ही सहाही जणांनी मोटाबेनसमोर कबूल केलं होतं.

माझ्या आठ मुलांत दोघी सातवीतल्या होत्या आणि जिवलग मैत्रिणी होत्या. एक मराठी. वडील कारखान्यात पाळ्यांवर, कुटुंब जळगावकडून आलेलं. किडकिडीत, मोजकं बोलणारी. चारचौघांत मला बेन म्हणायची आणि आम्ही दोघीच असलो की ताई. त्या महिन्यात पेटीची चावी तिच्या गळ्यात होती. दुसरी गुजराती, तोंडाची फटकळ, मोठ्यानं हसणारी. रोज मधल्या सुट्टीत दोघींचा डब्यावरून तोच वाद.

"थालीपीठ दे, ढेबरं घे."

"आधी दही दाखव. काल आंबट होतं."

"तू आंबट छे!"

या दुसरीनं एकदा वहीत लिहिलं: 'पप्पा रोज पितात. बाटल्या गव्हाच्या पिंपात असतात. मम्मी म्हणाली, कुणाला बोललीस तर पोलीस पप्पांना घेऊन जातील. मी बोलत नाहीये, लिहितेय.'

दारूबंदीच्या राज्यात बारा वर्षांच्या मुलीनं हे लिहिणं म्हणजे काय, हे मला कळत होतं. मी पेन्सिलीनं उत्तर लिहिलं: 'लिहिलंस ते बरं केलंस. हे आपल्या दोघींतच राहील.'

तीन दिवस राहिलं.

शाळेत विज्ञान शिकवणारी एक मराठी मैत्रीण होती. दुपारी आम्ही दोघी मागच्या पायरीवर चहा घेत बसायचो आणि मराठीत बोलायचो. मराठी हा आमचा ओढून घ्यायचा पडदा होता. बडोद्यातल्या मराठी माणसांना ही खोड आहेच; दुकानदारासमोर, रिक्षात, पाहुण्यांसमोर, पडदा ओढला की आपण घरात असल्यासारखं बोलायचं. या गावात निम्म्या घरांचा शेजार मराठी आहे, हे तेवढ्यापुरतं विसरायचं.

"तिच्या बापाचं कळलं का तुला?" मी म्हणाले.

"काय?"

"घेतो रोज. आणि ठेवतो कुठे माहितीये? गव्हाच्या पिंपात."

"काय सांगतेस! आणि पालकसभेत व्यसनमुक्तीवर बोलला होता की गं तो!"

आम्ही हसलो. चांगल्या खळखळून हसलो. पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत आले की मी सल्ला मागत होते, मुलीची काळजी वाटत होती. काळजी वाटत होती हे खरं. पण त्या पायरीवर मी काळजी करत नव्हते. मला एक बातमी सांगायची होती आणि ती सांगताना मजा आली.

पायरीशेजारच्या भिंतीमागे पाण्याची टाकी होती. तिथे झारी खाली ठेवल्याचा आवाज आला. मी वाकून पाहिलं तेव्हा ती मुलगी भेंडीच्या वाफ्याकडे चालली होती, पाठमोरी, रिकाम्या हातानं. झारी टाकीपाशीच.

"तिला मराठी येतं का गं?" मी विचारलं.

"छे. ती कुठली."

मग संध्याकाळी घरी पोळ्या लाटताना मला आठवलं: ती एकदा म्हणाली होती, आमच्या खालच्या मजल्यावर मराठी आजी आहेत, मी त्यांच्याकडेच मोठी झाले.

तेव्हापासून मी तिच्यावर नजर ठेवू लागले. कुणाशी बोलते, माझ्याकडे कधी बघते, वही का ठेवत नाही. शुक्रवारी शेवटच्या तासाला ती व्हरांड्यात आली, माझ्याकडे सरळ बघितलं आणि पेटीत चिठ्ठी टाकली. एवढं बघून टाकलेली चिठ्ठी दुसऱ्या कुणाबद्दल असणार?

शाळा सुटली. सगळे गेल्याची मी खात्री केली, दोनदा केली. डब्यातले खडू बाजूला सारून चावी काढली. पेटीत चार चिठ्ठ्या होत्या. तिची सगळ्यात वर. गुजरातीत लिहिलं होतं: 'बेनने माझ्या वहीतली गोष्ट दुसऱ्या बेनना सांगितली आणि दोघी हसल्या. मराठीत बोलल्या. मला मराठी येतं.'

तिच्या वडिलांबद्दल एक अक्षर नव्हतं. तिनं तेवढं सांभाळलं होतं.

मी ती चिठ्ठी बारीक फाडली आणि खताच्या खड्ड्यात लेंड्यांखाली घातली. पेटीला कुलूप लावलं, चावी डब्यात टाकली आणि सुभानपुऱ्याच्या घरी आले. सोमवारी तिच्याशी एकटीशी बोलायचं, माफी मागायची, असं बसमध्ये ठरवलंसुद्धा. मधला शनिवार मी धरलाच नव्हता. ती गप्प बसेल असं मला वाटलं होतं. मुलांनी गप्प बसू नये, हे शिकवायलाच तर ती शाळा होती.

शनिवारी चावीवालीनं पेटी उघडली, तीन चिठ्ठ्या वाचल्या आणि पेटी उलटी करून दाखवली.

"बस, आटली ज," ती म्हणाली. इतक्याच.

तिची मैत्रीण उठून उभी राहिली. माझी चिठ्ठी कुठे आहे? "मारी चिठ्ठी क्यां छे?"

"तुझी नव्हती."

"मी काल टाकली. सगळ्यांनी बघितलं."

तीन-चार मुलांनी हात वर केले. त्यांनी बघितलं होतं. मोटाबेननी हळू विचारलं, "शुं लख्युं हतुं, बेटा? काय लिहिलं होतंस ते तोंडी सांग." तिनं माझ्याकडे बघितलं, मग चावीवालीकडे, मग पुन्हा माझ्याकडे. आणि म्हणाली, "हवे नथी कहेवुं." आता नाही सांगायचं.

मला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं. हेही लिहायला हवं.

मुलांचा हिशेब सरळ होता. चावी एक. ती एकीच्या गळ्यात. चिठ्ठी नाहीशी. वर्तुळात प्रत्येकानं पाळीपाळीनं बोलायचं असतं. कुणी म्हणालं, तिनं चुकून काढली असेल. कुणी म्हणालं, तिच्याबद्दलच तक्रार असेल. ती दर वेळी एकच वाक्य म्हणायची, "मी उघडली नाही." आवाज चढवला नाही, रडली नाही, आणि त्यामुळेच ती काही मुलांना जास्त संशयास्पद वाटली. माझी पाळी आली. मी तिची साथी. तिच्या बाजूनं बोलणं हे माझं कामच होतं. मी म्हणाले, "मला वाटतं, तिला थोडा वेळ द्यावा. ती सांगेल."

किती समजूतदार वाक्य. मोटाबेननी मान हलवली. या एका वाक्यानं मी तिला दोषी ठरवलं आणि वर मायाळू दिसले.

वर्तुळानं ठरवलं की तिला 'विसामो' द्यायचा. विसामो म्हणजे विश्रांती. आमच्याकडे शिक्षा नव्हती ना. ज्याच्यावरचा विश्वास डळमळला त्याच्या जबाबदाऱ्या विश्रांती घेत, विश्वास परत येईपर्यंत. तिनं गळ्यातला दोरा स्वतःच काढला आणि वर्तुळाच्या मध्ये, जमिनीवर ठेवला. त्यानंतर तिनं घंटा द्यायची नाही, भट्टीपाशी जायचं नाही, बकरीला चारा घालायचा नाही. मारलं असतं तर पाच मिनिटांत संपलं असतं. हे दिवाळीच्या सुट्टीपर्यंत चाललं, आणि रोज सगळे तिच्याशी गोड बोलत होते.

वर्तुळ सुटल्यावर पाण्याच्या माठापाशी मी दोघींना ऐकलं. मैत्रीण म्हणत होती, "तुम्ही मराठी सगळे एक. तू बेनला वाचवलंस."

"कशातून वाचवलं?"

"जा ने, नाटक नको करू."

चावीवालीला काहीच माहीत नव्हतं. तिनं मान वळवून खांबाशी उभ्या असलेल्या माझ्याकडे बघितलं. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. त्या क्षणी तिच्या डोक्यात काहीतरी सुरू झालं एवढं मला दिसलं. मी हातातली हजेरी चाळू लागले.

त्याच दुपारी शिक्षकांच्या खोलीत मोटाबेननी खडूंचा डबा उघडला. आम्ही सगळे तिथे होतो. चावी तळाशी असायची; मी घाईत ती खडूंच्या वरच टाकली होती. त्यांनी बोटानं ती खाली दाबली, वर खडू सारखे केले, झाकण लावलं, आणि आमच्यापैकी कुणाकडेच न बघता बाहेर गेल्या. त्यांनी कुणाला काही विचारलं नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. चाव्या दोन आहेत हे मुलांना कळलं असतं तर पेटी संपली असती, वर्तुळ संपलं असतं. त्यांनी एका मुलीऐवजी पेटी वाचवली, की कोण कबुली देतं याची वाट बघत राहिल्या, हे मला कळलं नाही. त्या गेल्या त्यालाही आता बरीच वर्षं झाली. अर्धा दोष त्यांच्या पदरात टाकून मी काही वर्षं बरी झोपले, हे खरं. पण त्यांनी फक्त झाकण लावलं. हात माझा होता.

खोलीत त्यानंतर कुणी कुणासमोर तो डबा उघडेना. खडू हवा असला की म्हणायचे, जरा देता का? माझी विज्ञानवाली मैत्रीण मागच्या पायरीवर येईनाशी झाली. आणि एक दिवस माझ्या लक्षात आलं की ती माझ्याशी गुजरातीत बोलू लागली आहे. तिनं कधी काही विचारलं नाही. पडदा काढून टाकला, एवढंच.

चावीवालीची आई भेटायला आली. व्हरांड्यातच उभी राहिली, आत या म्हटलं तरी येईना.

"ताई, तुम्ही आपल्या आहात म्हणून विचारते. हिनं केलं का हो ते?"

"मुलं या वयात कधी कधी..."

"कधी कधीचं सोडा. हिनं केलं का?"

"आम्ही तिला रागावलेलो नाही," मी म्हणाले.

"रागवा ना मग! दोन फटके द्या न् मोकळं करा. घरी येऊन भिंतीकडे तोंड करून बसते हो पोरगी. तिचे पप्पा म्हणतात, ही कसली शाळा, मारत बी नाही आणि सोडत बी नाही."

मी म्हणाले, थोडा धीर धरा. ती बाई माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मला वाटलं, हिला कळलं. तेव्हा मला सगळ्यांबद्दलच तसं वाटत होतं. बकरी माझ्यामागून आली तरी मी दचकत होते.

या सगळ्या काळात मुलगी वही ठेवत होती, कारण आठवड्यातून एकदा ती ठेवायचीच असे. पानावर फक्त वार लिहिलेला असायचा आणि खाली 'काही नाही'. मी पेन्सिलीनं लिहायची, 'मी आहे.' लाज वाटते. पण लिहायची.

मग सुट्टीआधीच्या आठवड्यात तिनं लिहिलं. मराठीत, जे ती वहीत कधी लिहीत नसे.

'ताई, काल आईबरोबर लहरीपुऱ्याच्या बाजारात गेले होते. आईनं गॅलरीच्या दाराला कुलूप घेतलं. कुलुपाला दोन चाव्या मिळतात. दुकानवाले काका म्हणाले, दोन असतातच. आपल्या पेटीला दोन चाव्या आहेत का?'

माझ्यासाठी एक दार उघडलेलं होतं आणि ते तिनं उघडलं होतं, बारा वर्षांच्या मुलीनं, कुणावर आरोप न करता, फक्त प्रश्न विचारून. 'हो' लिहिलं असतं तर बाकीचं वर्तुळात बोलायला तिनं मला मदत केली असती, असंही मला वाटतं.

मी लिहिलं: 'नाही.'

तिनं ते खोडलं नाही. त्यानंतर वही ठेवली नाही. दिवाळीनंतर वर्तुळानं तिचा विसामो संपवला, कारण मुलांना कंटाळा आला होता. पण चावी घे म्हटल्यावर ती नको म्हणाली. वर्षाअखेर वडिलांनी तिला दुसऱ्या शाळेत घातलं. मैत्रीण दहावीपर्यंत आमच्याकडे होती. तिच्या वहीत पुन्हा कधी घरातलं काही आलं नाही. आंबे, पतंग, बकरीला झालेली पिल्लं. त्या घरात पुढे काय झालं, तिला कुणाचा आधार मिळाला का, मला माहीत नाही. मी तिचीही साथी होते. तीन वर्षांनी मी शाळा सोडली.

या वर्षी उन्हाळ्यात मला एक फोन आला. "ताई, मी बोलतेय." आवाज ओळखायला वेळ लागला नाही; चावीवालीच. ती मांजलपूरलाच राहते, एका लॅबमध्ये रक्त तपासते. मुलगी पाच वर्षांची आहे आणि तिला त्या शाळेत घालावं का, याचा विचार चाललाय. "तुमच्याशी बोलायचं होतं. येता का घरी?"

मी दोन दिवस विचार करत होते की हिला नेमकं काय हवंय. इतक्या वर्षांनी मलाच का विचारते? शाळेतल्या आताच्या कुणाला का नाही? गेले तेव्हा आजाऱ्याला नेतात तशी फळं नेली, मग दारात वाटलं की फळं फार झाली.

फ्लॅट नीटनेटका. मुलगी बाबांबरोबर आजीकडे गेली होती; तीही मुद्दाम पाठवली असणार, असं मला वाटलं. तिनं चहा दिला, समोर शाळेचा फॉर्म ठेवला.

"हे बघा. इथे विचारलंय, पालक याच शाळेत शिकले असतील तर त्यांचा अनुभव लिहावा. चार ओळी सोडल्यात." तिनं पेन माझ्याकडे सरकवलं नाही, फक्त फॉर्मवर आडवं ठेवलं. "काय लिहू, ताई?"

"तुला जे वाटतं ते."

"मला वाटतं ते खरं आहे का, तेच तर विचारतेय."

पंखा फिरत होता. खाली कुणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं, ती सुरू होत नव्हती.

"दोन होत्या," मी म्हणाले. "दुसरी खडूच्या डब्यात असायची. मी काढली चिठ्ठी. माझ्याबद्दल होती."

ती उठली. आतून वही घेऊन आली. निळं पुठ्ठ्याचं कव्हर, कोपरे मऊ झालेले. ते पान तिला शोधावं लागलं नाही. तिचा प्रश्न होता, आणि खाली माझं 'नाही'. पण ते पेन्सिलीतलं नव्हतं. त्यावरून बॉलपेन फिरवलेलं होतं, अगदी माझ्याच वळणावर.

"पुसट होत चाललं होतं," ती म्हणाली. "कॉलेजात असताना गिरवलं. म्हटलं, हे एवढं तरी राहू दे. नाहीतर मलाच वाटायला लागलं असतं की मीच काढली असेल."

"तुला माहीत होतं?"

"तुम्ही 'नाही' लिहिलंत तेव्हाच. पेटी आणली तेव्हा तुम्ही शाळेत नव्हता, ताई. माहीत नाही, मोटाबेनना विचारून सांगते, असं लिहायचं ना. एका झटक्यात 'नाही' कसं लिहिलंत?"

मी काहीतरी म्हणायला लागले, की मी तरुण होते, की घाबरले होते. तिनं हात वर केला, वर्तुळात मुलं करायची तसा, एकाचं बोलणं चालू असताना दुसऱ्याला थांबवायला.

"मला नका सांगू. मला माहितीये. तिला माहीत नाहीये."

तिची ती शाळेतली मैत्रीण सुरतेला असते. वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये दोघी आहेत. "तिच्या वाढदिवसाला सगळे लिहितात," ती म्हणाली, "मी लिहीत नाही. माझ्या वाढदिवसाला ती लिहीत नाही. बाकीच्यांना वाटतं आमचं काहीतरी लफडं झालं होतं कुठल्यातरी मुलावरून." ती हसली, पण तेवढ्यापुरतंच. मग तिनं फोन लावला, स्पीकर चालू केला आणि माझ्यासमोर धरला.

"आत्ता?" मी म्हणाले.

"आत्ता. आणि मराठीत नको. गुजरातीत बोला. तिला मराठी येतं, माहितीये. तरी गुजरातीतच बोला."

पलीकडून आवाज आला, "हां, बोल." म्हणजे नंबर साठवलेला होता. इतक्या वर्षांत एकदाही न लावलेला.

"बेटा, हुं बोलुं छुं," मी म्हणाले. "निशाळवाळी बेन."

शाळेतली बेन, एवढीच ओळख दिली.

"पेटीनी बे चावी हती. तारी चिठ्ठी में काढी हती. एणे नहीं. एने तो खबरेय नहोती." पेटीला दोन चाव्या होत्या, तुझी चिठ्ठी मी काढली होती, तिनं नाही, तिला तर पत्ताही नव्हता. एवढंच. मी हे मनात किती वेळा किती सविस्तर म्हटलं होतं, त्यात मोटाबेन होत्या, माझं वय होतं, शाळेचं नाव होतं. तोंडातून निघालं ते चार वाक्यांत संपलं. मग मी आणखी एक जोडलं, की तुझ्या वहीतलं मी सांगितलं आणि हसले, ते तू बरोबर ऐकलं होतंस.

तिकडच्या घरात कुकरची शिटी झाली. मी वाट बघत होते की ती मला काही बोलेल. शिव्या देईल, रडेल, जाऊ द्या बेन म्हणेल. ती म्हणाली, "फोन एने आपो."

मी फोन तिच्या हातात दिला. तिनं स्पीकर बंद केला, फोन कानाला लावला आणि खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. भिंतीकडे तोंड करून बसते हो, असं तिची आई म्हणाली होती. मी पर्स उचलली. फॉर्म टीपॉयवर तसाच होता, चार ओळी कोऱ्या. त्यात तिनं पुढे काय लिहिलं, मुलीला त्या शाळेत घातलं की नाही, मी विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही.

दाराशी चपला घालताना ती मराठीत बोलतेय हे कानावर आलं. "अगं नाही गं," असं काहीतरी. म्हणजे पलीकडचीही मराठीतच बोलत असणार. मी दार माझ्यामागे ओढून घेतलं आणि जिन्यानं खाली आले. ऐकायला थांबले नाही.